रिफायनरीतली अपघाती वायुगळती: माहुलपासून काल्हेरपर्यंत काय माहीत असायला हवं

काल्हेरमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना नाही. आपल्याला जवळची रिफायनरी म्हणजे चेंबूरजवळच्या माहुलची, आणि ती सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही हा विषय आम्ही इथं घेतो आहोत. रिफायनरीतून निघालेलं तेल, सॉल्व्हंट आणि त्यापासून बनलेली रसायनं टँकरमधून, ड्रममधून ठाणे-भिवंडी रस्त्याने आपल्या दारावरून जातात. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा या पट्ट्यातल्या गोदामांत काय काय साठवलेलं आहे हे शेजारच्या इमारतीत राहणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रात्री कधीतरी खिडकीतून उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, व्हॉट्सअॅपवर "तुमच्याकडे पण येतोय का?" असे मेसेज फिरतात. सकाळी वास गेलेला असतो. मग कामाची गडबड, मुलांची शाळा, आणि गोष्ट तिथंच संपते.

ती गोष्ट तिथं संपू नये असं कायदा म्हणतो. अपघाताने वायू बाहेर पडला तर ते कळवण्याची जबाबदारी कोणाची, तो वायू शरीराला काय करतो, सरकारी आकड्यांत तो का दिसत नाही, आणि वास आला त्या घडीला घरातल्यांनी काय करायचं, हे सगळं एका जागी असावं म्हणून ही माहिती देत आहोत.

अपघाती उत्सर्जन म्हणजे काय

रिफायनरीच्या चिमणीतून रोज थोडाफार धूर निघतोच. त्याला परवानगी असते, मर्यादा ठरलेली असते, मोजमाप होतं. अपघाती उत्सर्जन हे त्याच्या बाहेरचं. ठरलेल्या वाटेने न जाता, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, अचानक जे बाहेर पडतं ते.

प्रत्येक वेळी स्फोटच होतो असं नाही. किंबहुना बहुतेक वेळा स्फोट होतच नाही. कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून मोठ्या उभ्या मनोऱ्यात सोडतात, तिथं ते वेगवेगळ्या भागांत विभागलं जातं. पुढे जड भाग मोडून हलके करणं, गंधक काढणं अशी कामं वेगवेगळ्या युनिटमध्ये चालतात. हे सगळं दाबाखाली, एकमेकांना जोडलेलं. मध्येच वीज गेली, एखादा कॉम्प्रेसर बंद पडला, तर आत कोंडलेल्या वायूला कुठंतरी वाट द्यावी लागते. ती वाट म्हणजे फ्लेअर, म्हणजे उंच नळीच्या टोकावर पेटलेली ज्योत. माहुलच्या बाजूने रात्री गेलेल्यांनी ती पाहिली असेल. ज्योत स्वच्छ जळत असेल तर आतला बराचसा वायू जळून जातो. ती काळा धूर ओकत असेल तर अर्धवट जळलेलं सगळं खाली वस्तीत येतं. आणि वायूत गंधक असेल तर ज्योत कितीही चांगली जळली तरी सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतोच.

दुसरा प्रकार गळतीचा. पाईप आतून झिजतो, व्हॉल्व्हचं पॅकिंग जातं, टाकीच्या तरंगत्या छताचं सील फाटतं. तिसरा प्रकार म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद करताना किंवा पुन्हा सुरू करताना होणारं उत्सर्जन. या वेळा अंदाजात असतात, तारीख आधी ठरलेली असते. तरी त्यालाही पुष्कळदा 'अपघात' म्हणून खपवलं जातं. आमच्या मते जे आधी माहीत होतं त्याला अपघात म्हणणं बरोबर नाही.

काही उदाहरणं पाहा. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बीपी कंपनीच्या रिफायनरीत एप्रिल-मे २०१० मध्ये एक कॉम्प्रेसर निकामी झाला. कंपनीने काम न थांबवता वायू फ्लेअरकडे वळवला, तो सलग चाळीस दिवस. त्यातून पाच लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सव्वादोन लाख किलोच्या वर प्रदूषक हवेत गेले. त्यात कर्करोगकारक बेंझिनही होतं. स्फोट नाही, भोंगा नाही. आजूबाजूला राहणाऱ्यांना हे नंतर समजलं. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथं ६ ऑगस्ट २०१२ ला शेव्हरॉनच्या रिफायनरीत झिजलेला पाईप फुटला, आग लागली, आणि त्यानंतरच्या दिवसांत सुमारे पंधरा हजार लोक श्वासाच्या, डोळ्यांच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेले. आपल्या देशात विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत १४ सप्टेंबर १९९७ ला स्वयंपाकाच्या गॅसची गळती होऊन भडका उडाला, साठच्या आसपास माणसं गेली. माहुलला ८ ऑगस्ट २०१८ च्या दुपारी भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर युनिटमध्ये स्फोट झाला, चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली, चेंबूर परिसरातल्या घरांना हादरे बसले.

नाकाला काय कळतं, काय कळत नाही

सडलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कच्च्या तेलातलं गंधक काढताना हा तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली, खोलगट जागेत, तळघरात, नाल्यात साचतो. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. पण यात एक फसवणूक आहे आणि ती घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा: हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. वास आला, मग अचानक नाहीसा झाला आणि डोकं मात्र गरगरतंय, तर हवा साफ झाली असं समजू नका. गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं एकामागून एक पडतात, त्यातही बऱ्याच वेळा हाच वायू असतो.

जळत्या काडेपेटीसारखा, घशाला टोचणारा वास म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तोही हवेपेक्षा दुपटीहून जड. दमा असलेल्या माणसाला यातून काही मिनिटांत श्वास लागू शकतो. धडधाकट माणसाला नुसता खोकला येईल, तोच वास दम्याच्या मुलाला इस्पितळात नेईल. म्हणून "मला तर काही झालं नाही" हे शेजाऱ्याला ऐकवू नये.

पेट्रोल पंपावर येतो तसा गोडसर वास म्हणजे बेंझिन, टोल्युइन, झायलिन या जातीची संयुगं. यातलं बेंझिन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं, याबद्दल जगभरच्या शास्त्रज्ञांत वाद राहिलेला नाही. धोका एका रात्रीच्या वासापेक्षा वर्षानुवर्षं थोडं थोडं आत जाण्यात जास्त आहे.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास फारसा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मिसळतात. ते इतकं तीव्र असतं की चिमूटभर सांडलं तरी मैलोगणती वास जातो. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, पवईपासून थेट पश्चिम उपनगरांपर्यंत गॅसच्या वासाच्या तक्रारी आल्या होत्या. अग्निशमन दल, महानगर गॅस, सगळे शोधत राहिले. त्या रात्री उगम काही सापडला नाही. ६ जून २०२० च्या रात्री पूर्व उपनगरांत पुन्हा तेच. वास किती दूर जातो यावरून धोका किती मोठा हे ठरवता येत नाही, आणि वास नाही म्हणून धोका नाही असंही नाही. गोदामाला आग लागली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला अजिबात कळत नाही.

अर्धा तास सरासरीत हरवतो

वास आल्यावर बरेच जण मोबाईलवर हवेचा निर्देशांक बघतात. तो 'समाधानकारक' किंवा 'मध्यम' दाखवतो, आणि आपल्यालाच वाटतं की भास झाला असेल. भास झालेला नसतो.

आपल्या देशातला हवेचा निर्देशांक आठ प्रदूषकांवर काढतात. त्यात धूलिकण आहेत, सल्फर डायऑक्साइड आहे, अमोनिया आहे. हायड्रोजन सल्फाइड नाही, बेंझिनही नाही. बेंझिनसाठी देशाची मर्यादा आहे, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, पण ती वर्षाच्या सरासरीची. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आहे ८० मायक्रोग्रॅम, ती चोवीस तासांच्या सरासरीची.

आता साधा हिशेब करू. समजा रात्री अर्धा तास सल्फर डायऑक्साइड १००० मायक्रोग्रॅमवर गेला, म्हणजे मर्यादेच्या साडेबारा पट. उरलेले साडेतेवीस तास तो २० वर राहिला. चोवीस तासांची सरासरी निघते ४० च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या निम्मी. कागदावर तो दिवस चांगला दिवस ठरला. ज्या बाळाने तो अर्धा तास श्वास घेतला त्याच्यासाठी तो दिवस चांगला नव्हता. शिवाय मोजणारं यंत्र तुमच्या गल्लीत नसतं. वारा दुसऱ्या दिशेला असेल तर त्याला काहीच कळत नाही.

म्हणूनच अशा घटनांत माणसांनी स्वतः केलेल्या नोंदींना किंमत येते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात रिफायनऱ्यांशेजारी राहणाऱ्यांनी साध्या प्लास्टिकच्या बादलीत खास पिशवी बसवून, वास आला त्याच मिनिटाला हवेचा नमुना भरून प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत सुरू केली. हीच बादली तमिळनाडूत कडलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या गावकऱ्यांनीही वापरली. आपल्याकडे लगेच बादली आणा असं आमचं म्हणणं नाही, प्रयोगशाळेचा खर्च मोठा असतो. पण वही आणि पेन घरात असतंच. त्याविषयी पुढे.

माहुलची हकीकत

माहुल हे मुळात कोळ्यांचं गाव. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तिथं दोन विदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्या आल्या, त्याच पुढे सरकारी होऊन भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाल्या. शेजारी खताचा कारखाना, वीज केंद्र, आणि नंतर रसायनं साठवणाऱ्या खासगी टाक्यांचे तळ. माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांची तक्रार जास्त करून या टाक्यांबद्दल होती. जहाजातून आलेलं रसायन टाकीत भरताना, टाकीतून टँकरमध्ये ओतताना वाफ बाहेर पडते, ती वस्तीत येते, असं त्यांचं म्हणणं.

"वास येतो" एवढ्यावर कोणी ऐकत नव्हतं. मग केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये तिथं पाहणी केली. पाहणीतल्या सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागत असल्याचं सांगितलं, आणि डोळे चुरचुरण्याची तक्रार तर ८६ टक्क्यांहून अधिक लोकांची होती. हा कागद हातात आल्यावर लढ्याला वजन आलं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली: एजिस लॉजिस्टिक्सवर १४२ कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियमवर ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियमवर ६७.५ कोटी, आणि सी लॉर्ड कंटेनर्सवर २० लाख. सर्वात मोठी रक्कम रिफायनरीवर नाही, साठवणूक करणाऱ्या कंपनीवर आहे हे काल्हेरकरांनी लक्षात घ्यावं. माल नुसता साठवणं हेही धोक्याचं काम आहे, असा त्याचा अर्थ.

याच माहुलला तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना आणून वसवलं होतं. त्यात गरीब हिंदू होते, मुसलमान होते, सगळेच होते. ते आजारी पडू लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की अशा हवेत लोकांना राहायला भाग पाडता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. शुद्ध हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालातून पुन्हा पक्कं झालं.

हे काल्हेरला कसं लागू होतं

वारा बघू. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे माहुलकडून साधारण आपल्या दिशेला. पण तेव्हा पाऊस असतो आणि पंचवीस किलोमीटरमध्ये वायू खूप पातळ होतो. माहुलच्या गळतीतून काल्हेरला वास येऊ शकेल, जीव जाण्याइतकं काही पोचेल असं मानायला आधार नाही. उगाच घाबरू नये. हिवाळ्यात मात्र रात्री वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या गरम हवेखाली झाकणासारखी दबून राहते, आणि जवळपास जे काही सुटलेलं असेल ते खालीच तरंगत राहतं. फजरला निघालेल्यांना जो वास जाणवतो आणि नऊ वाजता गायब होतो, त्यामागे हे कारण असू शकतं. अशा वेळी उगम जवळच असतो.

खरा प्रश्न शेजारच्या गोदामाचा. जयपूरजवळ सीतापुऱ्याला २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी इंडियन ऑइलच्या साठवणूक डेपोत व्हॉल्व्हवरून पेट्रोल सांडू लागलं. तासाभराहून जास्त वेळ ते वाहत राहिलं, वाफेचा ढग पसरत गेला, आणि मग स्फोट झाला. सुमारे अकरा दिवस आग धुमसत होती. रिफायनरी नव्हती ती, नुसत्या टाक्या होत्या. त्या तासाभरात वास सगळ्यांना येत होता.

आपल्या ठाणे जिल्ह्याचा अनुभवही कमी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत चोरून ओतलेल्या रसायनांमुळे पहाटे वायू सुटला आणि शेकडो लोक रुग्णालयात गेले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून वायू सुटला, दूरवर लोकांना श्वास लागला. डोंबिवलीचे मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट तर सगळ्यांच्या लक्षात असतील.

गोदाम म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे कारखान्यांना लागू असलेली तपासणी तिथं पुष्कळदा पोचत नाही. मालक म्हणतो मी फक्त गाळा भाड्याने दिला, भाडेकरू म्हणतो मी फक्त माल ठेवला. पण भोपाळनंतर १९८९ मध्ये केंद्राने घातक रसायनांची निर्मिती, साठवणूक आणि आयात याबद्दल जे नियम केले, त्यात नुसती वेगळी साठवणूक करणारी जागासुद्धा येते. कुठल्या रसायनाचा किती साठा झाला की नियम लागू, याची यादी नियमांतच आहे. त्या मर्यादेवर गेलेल्या जागेची सूचना आधी द्यावी लागते, मोठा अपघात झाला तर ४८ तासांत कळवावं लागतं, आणि ज्यांना झळ पोचू शकते अशा आसपासच्या लोकांना धोका काय आणि काय करायचं हे सांगावं लागतं. तुमच्या इमारतीत अशी माहिती द्यायला कोणी आलं होतं का, हा प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये जरूर विचारा.

वास आला, आता काय

आधी बघा आग आहे की नुसता वास. धूर इमारतीत शिरत असेल तर बाहेर पडा. आग नाही आणि बाहेरून वायू येतोय, तर घरातच थांबणं बहुतेक वेळा बरं. खिडक्या बंद, एसी बंद, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. सगळ्यांनी एका आतल्या खोलीत बसायचं. जड वायू खाली साचतो म्हणून तळमजल्यावरच्यांनी शक्य असेल तर वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जायचं. अशा वेळी ओळख नाही म्हणून दार लावून घेऊ नका.

पेट्रोलसारखा किंवा घरगुती गॅसचा वास असेल तर विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. आधीच चालू असलेलं तसंच ठेवा. लायटर, अगरबत्ती, गॅस शेगडी काही नाही. गाडी सुरू करायची नाही. वास घरातल्याच सिलिंडरचा असेल तर उलट करायचं: रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या.

बाहेर पडावं लागलं तर वाऱ्याला काटकोनात, म्हणजे आडवं जा. वाऱ्याबरोबर पळालात तर वायूसोबतच पळाल. भोपाळला त्या रात्री कितीतरी माणसं याच कारणाने जास्त वायू ओढून बसली. झेंडा, झाडाचा शेंडा, वाळत घातलेले कपडे यांवरून वारा कुठला ते कळतं.

ओल्या कापडाबद्दल गैरसमज आहेत. क्लोरीन, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड हे पाण्यात विरघळणारे वायू, त्यांना ओला रुमाल थोडा अडवतो. बेंझिन, कार्बन मोनॉक्साइडला अडवत नाही. कोरोनातला मास्क धूळ अडवतो, वायू नाही. डोळे चोळू नका, साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. अंगावर काही उडालं असेल तर कपडे काढून भरपूर पाणी.

घरात दम्याचं कोणी असेल तर त्याचा पंप कुठं आहे हे सगळ्यांना माहीत हवं. रमजानात ही गोष्ट जास्त जपा. श्वास लागलेला असताना रोजा मोडेल म्हणून पंप घ्यायचं टाळणारे वडीलधारे आपल्या घरांत असतात. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कझा करण्याची मुभा आहे, हे त्यांना आधीच, शांतपणे, गरज पडल्यास आलिमांकडून सांगून ठेवा. त्या घडीला समजावत बसायला वेळ नसतो.

आणि मस्जिदीचा माईक. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरिनची वाफ सुटली, बारा माणसं गेली. कारखान्यात भोंगा होता, तो वाजवला गेला नाही, असं चौकशी समितीने नोंदवलं. आपल्याकडे मस्जिद, मंदिर, बुद्धविहार, शाळा, सगळीकडे लाऊडस्पीकर आहे. तिघा-चौघांनी आधी बसून ठरवा की घोषणा कोण करणार आणि काय करणार. "पळा, गॅस आला" अशी घोषणा झाली तर चेंगराचेंगरी होईल. "खिडक्या बंद करा, शेगडी लावू नका, पुढची सूचना येईपर्यंत घरात थांबा" असं मराठी, उर्दू, हिंदीत सावकाश दोनदा सांगायचं.

आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, कुठल्याही तातडीला ११२. काल्हेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, महापालिकेच्या नाही. म्हणून फोनवर नुसतं "भिवंडी" म्हणू नका. काल्हेर, कंपाउंडचं नाव, जवळची खूण सांगा.

टँकर उलटला असेल तर जवळ न जाता त्याच्या मागच्या-बाजूच्या पाटीचा फोटो काढा. त्यावर चार आकडी क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. हा एक आकडा अग्निशमन दलाला सांगितला की पाणी मारायचं की फेस, हे त्यांना वाटेतच ठरवता येतं. फुकट पेट्रोल मिळतंय म्हणून बाटल्या घेऊन धावणारी पोरं आपल्याच मोहल्ल्यांतली असतात. त्यांना आवरा.

कळवायचं कोणी, मागायचं कोणाकडे

हवा प्रदूषण कायदा १९८१, कलम २३. अपघाताने किंवा अचानक घडलेल्या गोष्टीमुळे मर्यादेबाहेर प्रदूषक हवेत गेला, किंवा जाईल अशी भीती असली, तरी त्या जागेचा ताबा असलेल्या माणसाने ताबडतोब प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलं पाहिजे. मंडळाने उपाय केले तर त्याचा खर्च त्याच माणसाकडून व्याजासकट वसूल करता येतो. म्हणजे "वास कुठून येतो ते सिद्ध करा" हे पहिलं ओझं खरं तर तुमच्यावर नाही.

"अपघात झाला, आमची चूक नव्हती" या बचावालाही अर्थ उरलेला नाही. दिल्लीत ४ डिसेंबर १९८५ ला श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितलं की घातक धंदा करणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी नुकसानीची जबाबदारी पूर्णपणे त्याचीच. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा त्याच वाटेवरचा. घातक पदार्थ साठवणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्याने विमा काढायलाच हवा, आणि इजा झालेल्याला कोणाची चूक ते सिद्ध न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मदत मागता येते. मुदत घटनेपासून पाच वर्षं. हरित लवादाकडे भरपाईसाठीही पाच वर्षं.

पाच वर्षांनी तुमच्याकडे काय असेल? इथं ती वही कामाला येते. तारीख, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वास कसला, वारा कुठून, घरात कोणाला काय झालं, कोणाला फोन केला आणि त्यांनी काय उत्तर दिलं. त्याच रात्री लिहायचं, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना सांगा की कागदावर नुसतं 'खोकला' न लिहिता 'वायूच्या वासानंतर' असं लिहा. केसपेपर आणि औषधांची बिलं टाकू नका. एका घराची वही म्हणजे तक्रार. एकाच रात्रीच्या वीस घरांच्या वह्या जुळल्या की तो पुरावा होतो.

तक्रार लेखी द्या, ई-मेलने दिली तरी चालेल: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कल्याणचं प्रादेशिक कार्यालय, ठाण्याचे जिल्हाधिकारी (जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख तेच), आणि ग्रामपंचायत. पोचपावती घ्या.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागा: काल्हेर परिसरात १९८९ च्या नियमांखाली सूचना दिलेल्या साठवणुकीच्या जागा कोणत्या, आणि कारखान्याबाहेरच्या लोकांसाठीचा आपत्कालीन आराखडा कुठं पाहायला मिळेल. मंडळाकडे मागा: मागच्या तीन वर्षांत भिवंडी तालुक्यातून कलम २३ खाली किती सूचना आल्या, कोणत्या तारखांना. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. त्या तारखा तुमच्या वहीतल्या तारखांशी ताडून बघा. तुमच्या वहीत वासाची रात्र आहे आणि त्यांच्या यादीत त्या तारखेला काहीच नाही, तर पुढचा अर्ज नेमका त्या रात्रीबद्दल करायचा.